आधी फोन ठेवा

माझ्या तोंडावर आजवर सर्वांत जास्त वेळा फोन कुणी ठेवला असेल, तर तो आमच्या सरांनी. नवरा चिडला तर दोन-तीन दिवसांतून एकदा ठेवतो. सर रोज ठेवायचे आणि तेही अजिबात न चिडता. पहिल्यांदा ठेवला तेव्हा मी नोकरीला लागून चार दिवस झाले होते आणि मी घाटकोपरच्या घरी तापाने फणफणले होते. "सर, आज मी येऊ शकत नाही," एवढं म्हणाले, तर पलीकडून आवाज आला, "नाव सांगा. कुठून बोलताय सांगा. आता फोन ठेवा, मी लावतो." आणि खट्. मला वाटलं, गेली नोकरी. मी आईला हाक मारून रडायला लागणार तेवढ्यात फोन वाजला. "हां, बोल. ताप किती आहे?"

त्यांची ही पद्धतच होती. फोन कुणाचाही असो, आधी ठेवायचा. मग आपल्याकडे लिहिलेल्या नंबरावर आपण उलटा लावायचा. "समोरचा सांगतो तो कोण आहे, हे त्याचं म्हणणं," ते म्हणायचे. "आपण लावलेला फोन त्याने उचलला, की मग ती माहिती." त्यांच्या बायकोलाही यातून सुटका नव्हती. काकू एकदा ऑफिसात आल्या होत्या तेव्हा मला हळूच म्हणाल्या, "लग्नाला तीस वर्षं झाली गं. बोरीवलीला भाजी संपली हे सांगायचं तरी मला आधी फोन ठेवावा लागतो."

आमचं ऑफिस मरोळला, इंडस्ट्रियल इस्टेटीतल्या एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर. खाली रबराच्या वॉशर बनायच्या, वर आम्ही इंटरनेटवरची नावं सांभाळायचो. काम काय ते मी नातेवाइकांना असं सांगते: जमिनीला सातबारा असतो ना, तसा वेबसाइटच्या नावालाही असतो. कुठलं नाव कुणाच्या मालकीचं, ते उघडलं की माणूस कुठल्या मशीनवर पोचणार, याची नोंद. ही नोंद ठेवणारं दफ्तर म्हणजे आम्ही. त्या नोंदीत कुणी एक ओळ बदलली, तर तुम्ही बँकेचं नाव अगदी बरोबर टाइप करता आणि चोराच्या दारात जाऊन उभे राहता. ती ओळ कुणाला बदलू न देणं हे सरांचं काम. या विषयातले ते मोठे तज्ज्ञ होते. परदेशातल्या परिषदांना त्यांना बोलवायचे, ते जायचे, भाषण द्यायचे आणि येताना सगळ्यांसाठी विमानातल्या शेंगदाण्यांच्या पुड्या आणायचे.

शिक्षण मात्र बेताचं. मूळ मालवणकडचे. सुरुवात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, तारा जोडण्यापासून. तिथून कॉम्प्युटरवर आले आणि इंटरनेट आलं तेव्हा त्यांच्या खात्यात ते समजून घ्यायला तयार असलेला हा एकच माणूस होता. पण एक्स्चेंज त्यांच्यातून कधी गेलं नाही. लाखो रुपयांच्या सर्व्हरसमोर बसून ते तपकिरी पुठ्ठ्याच्या रजिस्टरमध्ये पेन्सिलीने लिहायचे. किती वाजता, कुठला नंबर लावला, कुणी उचलला. नाव घ्यायचं ते एकेक अक्षर विचारून. "बदकातला ब की भटजीतला भ?" समोरचा कंपनीचा डायरेक्टर असला तरी त्याला बदक सांगावं लागायचं. आम्ही पोरं मागे हसून लोळायचो.

व्हॉट्सॅपवर लग्नाची पत्रिका आली तर ते मुलीच्या वडिलांना फोन करून विचारायचे, "लग्न खरंच आहे ना?" एकदा त्या वडिलांनी चांगलंच सुनावलं होतं. सर निर्विकारपणे म्हणाले, "आहे म्हणाले. चला, आहेर घेऊया." शिवी अशी त्यांच्याकडे एकच होती, भोळसट. ती ते चोराला कधी द्यायचे नाहीत, फसणाऱ्याला द्यायचे, आणि दिल्यावर स्वतःच दिवसभर वाईट वाटून घ्यायचे.

हे सगळं वेड आहे असं माझं मत होतं. ते एका दुपारी पार बदललं. एका सहकारी बँकेच्या मॅनेजिंग डायरेक्टरांचा फोन आला. बँकेचं नाव ताबडतोब दुसऱ्या मशीनकडे वळवा, आमची सिस्टिम पडली आहे, ग्राहक बोंब मारतायत. आवाज बरोबर, पासवर्ड बरोबर, जन्मतारीख बरोबर, राग तर शंभर टक्के बरोबर. मी सरांकडे बघत होते की आता तरी करून टाका हो. सर म्हणाले, "नाव सांगा. कुठून बोलताय सांगा. फोन ठेवा." पलीकडून तुमची नोकरी घालवीन वगैरे सुरू झालं. सरांनी शांतपणे ठेवला, रजिस्टर उघडलं आणि नंबर लावला. खरे मॅनेजिंग डायरेक्टर जुहूच्या एका हॉटेलात भाचीच्या साखरपुड्याला पंगतीत बसले होते. त्यांनी आम्हाला फोनच केला नव्हता. मी मिळेल त्या खुर्चीत बसले. सर म्हणाले, "पाणी पी." आणि लिहायला लागले.

नाव बंद करतानाही त्यांचा नियम तोच. एखादी खोटी वेबसाइट सापडली, तक्रार आली, पुरावा आला, तरी कुलूप लावण्याआधी ज्याच्या नावावर ती आहे त्याला एक फोन. चोराला कसला फोन, असं मी विचारलं होतं. "आपण दुकानाला कुलूप लावतो गो. आधी दार वाजवायचं." लागो न लागो, पुन्हा एकदा लावायचा, आकडा चुकला नाही ना याची खात्री करायला. दोनदा. तसं रजिस्टरमध्ये लिहायचं आणि मगच पुढचं.

बहुतेक वेळा तो नंबर खोटा असायचा. चोर मनाला येईल ते आकडे ठोकतो आणि फोन भलत्याच कुणाच्या तरी घरी वाजतो. सरांना सगळ्यात राग याचा होता. एक गोष्ट ते दर नव्या माणसाला सांगायचे, मी निदान वीस वेळा ऐकली असेल. अशाच एका खोट्या नंबरावर त्यांनी फोन लावला होता. अर्ध्या रिंगमध्ये एका म्हाताऱ्याने उचलला आणि म्हणाला, "झालं का?" त्याची मुलगी हॉस्पिटलात बाळंत होत होती, तो फोनजवळ बसून होता. "झालं का म्हणाला. मी त्याला काय सांगू?" मग म्हणायचे, "कुठलाही फॉर्म भरा, दुसऱ्याचा नंबर लिहायचा नाही. तो फोन कुणाच्या तरी घरात वाजतो." त्या माणसाची त्यांनी माफी मागितली होती आणि दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलंही होतं. मुलगा झाला होता.

स्वतःच्या घरचा नंबर मात्र त्यांनी ऑफिसात कुणाला दिला नव्हता. तो पाकिटात घालून, लाखेने बंद करून तिजोरीत ठेवला होता. मोठं संकट आलं तरच फोडायचं. एवढ्या वर्षांत कुणी फोडलं नव्हतं.

आता तो दिवस.

सर रजेवर होते. सर रजेवर, हीच बातमी होती. त्यांच्या सोसायटीत पाइपच्या गॅसचं काम होतं आणि गॅसवाला खरा आहे की नाही ते बघायला काकूंवर त्यांचा भरवसा नव्हता. मी तोवर ऑफिसात दोन नंबरला आले होते. माझ्या टेबलावर एक तक्रार होती. उपनगरातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या नावासारखंच नाव घेऊन कुणीतरी साइट काढली होती. हुबेहूब तीच. तिच्यावर कॅन्सरच्या डॉक्टरांची वेळ मिळत होती. आगाऊ फी भरायची, कागद छापून घ्यायचा. सांगलीकडची एक बाई तो कागद घेऊन, डोक्याला स्कार्फ बांधून, रात्रभर एसटीने येऊन काउंटरवर उभी राहिली होती. तिला सांगितलं, अशी वेळ इथे कुणी दिलेलीच नाही. तिच्यासारखे आणखी होते. रुग्णालयाने त्या कागदाचा फोटो जोडला होता. मी तो बघितला आणि मनात म्हटलं, हा कोण हरामखोर आहे त्याला मी आज सोडणार नाही.

नोंद काढली. नाव खोटं वाटत होतं, पत्ता मुलुंडचा, इमारत अस्तित्वातच नसलेली. खाली मुंबईचा एक लँडलाइन नंबर. मी रजिस्टर उघडलं, वेळ लिहिली आणि नंबर लावला.

तीन रिंग झाल्या. उचलला.

"नाव सांगा. कुठून बोलताय सांगा. मग फोन ठेवा, मी लावतो."

मी खोटं सांगत नाही, मला पहिल्यांदा हसू आलं. वाटलं, माझ्याच हातून सवयीने काहीतरी झालं, सरांचाच नंबर लागला. पण सरांचा नंबर मला माहीतच नव्हता. मग नोंदीतले आकडे पुन्हा वाचले, तेच लावले होते. मी म्हणाले, "सर, मी. ऑफिसमधून." ते म्हणाले, "ठेव." मी ठेवला. अर्ध्या मिनिटात ऑफिसचा फोन वाजला.

"पाकीट का फोडलंस? काय झालंय?"

"पाकीट नाही फोडलं, सर."

"मग हा नंबर तुला कुणी दिला?"

मी तक्रारीचा कागद पालथा घातला.

"खरा काय ता सांग." सर मालवणीत आले की प्रकरण गंभीर असायचं.

"हॉस्पिटलच्या तक्रारीत आहे, सर. त्या साइटच्या नोंदीत."

"वाच."

मी आठ आकडे वाचले. पलीकडे कुणीतरी भिंतीत ड्रिल मारत होतं, गॅसवाला असणार. त्यांच्या घरात तीन माणसं. सर, काकू आणि मुलगा. मुलगा चोवीस-पंचवीसचा, कॉम्प्युटरमध्ये हुशार, दोन नोकऱ्या सोडून घरी बसलेला. काकूंना मोबाइलवर टाइप करायलाही येत नसे. हा हिशोब मी केला तेवढ्याच वेळात सरांनीही केला असेल.

मला त्या माणसाला वाचवायचं होतं. दुसरं काही नाही. आकडे वाचून दाखवले होते, तरी मी म्हणाले, "सर, माझ्याकडून लावताना आकडा चुकला असेल."

"असेल," सर म्हणाले. "मग नियम काय?"

"पुन्हा लावायचा."

"लाव."

मी पुन्हा लावला. आणि आता जे सांगतेय ते मी पुढे सहा वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं. शेवटचा आकडा मी मुद्दाम चुकवला. एक पुढचा दाबला. म्हटलं, भलत्याच घरी लागेल, 'नंबर खोटा निघाला' असं लिहीन, साइट बंद करून टाकीन, फाइल बंद. सर काय ते घरात बघून घेतील. पोराचा कान पिळतील. कुणाचं काय बिघडणार होतं? सांगलीच्या बाईच्या कागदाचा फोटो समोरच होता, तरी मला हे सुचलं.

पहिल्याच रिंगला एका बाईने उचलला. "पोचलास का रे?"

मी काही बोलले नाही. "हॅलो? पोचलास ना?" मी फोन ठेवून दिला.

पेन्सिल उचलली, 'नंबर' असं लिहिलं, तेवढ्यात ऑफिसचा फोन वाजला.

"इथे वाजला नाही," सर म्हणाले.

"एंगेज होता, सर."

"मी फोनला हात लावून बसलोय." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला, लेकीशी बोलावं तसा. "लाव गो चेडवा. लाव."

मी लावला. अर्धी रिंग झाली आणि त्यांनी उचलला. मला रडू फुटलं होतं. सर म्हणाले, "लिही. दोनदा लावला, दोन्ही वेळा लागला. उचलणाऱ्याचं नाव लिही." आणि मग त्या माणसाने मला स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, एकेक अक्षर करून सांगितलं. बदकातला ब. मी लिहीत गेले.

"मुलाचं नाव लिहू नको. त्याने केलंय हे मला अजून माहीत नाही. मला माहीत आहे तेवढंच लिही, की हा फोन माझ्या घरात वाजतो. नाव लॉक कर. कागद सायबर पोलिसांना पाठव."

"सर, तो घरात आहे?"

"आंघोळीला गेलाय."

"तुम्ही आधी त्याच्याशी बोला ना सर. मी तासाभराने पाठवते."

"एका तासात तो लॅपटॉप साफ करील," सर म्हणाले. "आणि मी त्याला करू देईन. म्हणून आत्ता पाठव."

मी पाठवलं. दुपारी पोलीस बोरीवलीला गेले. गॅसची शेगडी पेटते की नाही हे काकू बघत होत्या, असं नंतर कळलं. मुलाने लगेच कबूल केलं. टेलिग्रामवरच्या कुणासाठी तरी तो असली नावं घेऊन द्यायचा. साइटवर काय चालतं ते विचारायचं नाही अशी बोली होती. पण त्याने विचारलं होतं, त्याला माहीत होतं. अशी सात नावं निघाली. आमच्या ऑफिसातून फोन येणार आणि हल्ली तो सर नाही, आम्ही लावतो, हेही त्याला माहीत होतं, बापाकडून. दिवसभर बाप ऑफिसात असायचा, आई लँडलाइन उचलायची नाही. आला फोन तर आपणच उचलून 'हो, बरोबर आहे' म्हणू, हा त्याचा बेत. फक्त त्या दिवशी गॅसवाला आला आणि हा आंघोळीला गेला.

दुसऱ्या दिवशी सर डबा घेऊन ऑफिसात आले. मला धक्का बसला तो याचा. वेळेवर आले, रजिस्टर उघडलं, कालची माझी नोंद वाचली, खाली सही केली. मग तिजोरीच्या किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, "ज्याच्या घरात चोरी सापडली त्याच्याकडे किल्ल्या राहत नाहीत." आम्ही सगळे उभे होतो. महिन्याभरात त्यांनी नोकरी सोडली. परिषदांची बोलावणी येत राहिली, ते गेले नाहीत. काकू वर्षभर त्यांच्याशी नीट बोलल्या नाहीत. मलाही त्या काळात त्यांच्या घरी जायचं धाडस झालं नाही.

गेल्या महिन्यात गेले. सहा वर्षांनी. आधी फोन केला, ठेवला, त्यांचा आला, मग निघाले. नॅशनल पार्कच्या बाजूची ती इमारत, तिसरा मजला. सर वाळले आहेत. तो लँडलाइन फोन एका स्टुलावर, शेजारी तपकिरी पुठ्ठ्याचं रजिस्टर. घरीसुद्धा लिहितात. चहा मुलाने आणला. तो जामिनावर आहे, केस चालू आहे, एका झेरॉक्सच्या दुकानात काम करतो. कप ठेवला, माझ्याकडे न बघता आत गेला.

मी किती वर्षं मनात असलेला प्रश्न विचारला. "सर, त्याने स्वतःच्या घरचाच नंबर का लिहिला? इतका हुशार मुलगा. कुठलेही आठ आकडे लिहिले असते तर आपण कधीच पोचलो नसतो."

"पोलिसांनीही हेच विचारलं." सर आतल्या दाराकडे बघत होते. "माझ्यासमोर विचारलं. तर म्हणाला, दुसऱ्याचा कसा लिहू? कुणाच्या तरी घरात उगाच फोन वाजत बसतो."

मी कप खाली ठेवला.

"पंचवीस वर्षं शिकवलं," सर म्हणाले. "आजारी माणसांना फसवताना त्याला काही वाटलं नाही. त्यातलं एवढंच राहिलं त्याच्याकडे." त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचं त्यांना सुचलं नाही. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

आणि माझ्या कानात ती बाई आली. पोचलास का रे. ज्या पोराला मी हरामखोर म्हटलं होतं, त्याने जे केलं नाही ते मी केलं होतं. सरांना वाचवायला का होईना, मी एका अनोळखी घरात फोन वाजवला होता आणि तिचं 'हॅलो, हॅलो' अर्धवट तोडून ठेवून दिला होता. मी सरांना सगळं सांगून टाकलं. आकडा चुकवला, ती बाई काय म्हणाली, सगळं.

सर रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "तिला काही सांगितलंस? माफी मागितलीस?"

"नाही सर. ठेवून दिला."

"नंबर आठवतो?"

कसा विसरणार? त्यांच्याच नंबराच्या पुढचा. सरांनी स्टूल माझ्याकडे सरकवलं. मी म्हणाले, "आता? सहा वर्षांनी? ती काय म्हणेल?" त्यांनी पेन्सिल उचलली. मी रिसीव्हर उचलला. या वेळी आकडे नीट दाबले. रिंग गेली नाही. रेकॉर्ड केलेला आवाज आला, हा क्रमांक अस्तित्वात नाही. मी नियमाप्रमाणे दुसऱ्यांदा लावला. तोच आवाज. तिचा मुलगा त्या दिवशी पोचला की नाही, हे मला आता कधीच कळणार नाही.

"बंद झालाय, सर."

सरांनी रजिस्टर उघडलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून वेळ लिहिली. नंबर लिहिला. दोनदा लावला, क्रमांक बंद, असं लिहिलं. मग पेन्सिल तशीच धरून माझ्याकडे बघितलं.

"लावणाऱ्याचं नाव?"

वीस वर्षं ओळखतात ते मला. मी एकेक अक्षर सांगायला सुरुवात केली.